छज्जा दुरुस्त केला, दोन पावसाळ्यांत पुन्हा फुटला: चूक नेमकी कुठे होते?

पावसाळा सरला, दिवाळीआधी रंगकामासाठी परांची चढली की फोन सुरू होतात. "साहेब, दोन वर्षांपूर्वीच रिपेअरिंग केलं होतं. पुन्हा तिथेच पडलंय." समोरचा माणूस वैतागलेला असतो, कारण सोसायटीच्या सभेत खर्चाला हात वर करायला लावणारा तोच असतो.

अशा वेळी मी एकच प्रश्न विचारतो: तिथेच पडलंय, की शेजारी? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. पाहायला गेलं तर जुनं ठिगळ बहुधा जागेवर घट्ट असतं. त्याच्या कडेपासून वीतभर अंतरावर नवा पोपडा सुटलेला असतो आणि आत लालसर सळई दिसते. या दोन उत्तरांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. ठिगळच सुटलं असेल तर काम खराब झालं. ठिगळ शाबूत आणि शेजारी फुटलं असेल तर काम कदाचित चांगलंच झालं होतं, फक्त रोग ओळखला नव्हता.

हे लिखाण मुख्यतः मुंबई, ठाणे, वसई आणि कोकण किनाऱ्यावरच्या तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतींसाठी आहे. नागपूर-जळगावच्या कोरड्या हवेत हीच लक्षणं दिसली तर कारणांचं प्रमाण बदलतं, पण तपासायची रीत तीच.

आधी फुटलंय काय, ते पाहा

नुसता गिलावा पडला आणि आतलं काँक्रीट राखाडी, घट्ट, ओरखडा न उठणारं असेल, तर तो गिलाव्याचा प्रश्न. काँक्रीटला टोचे न मारता गुळगुळीत पृष्ठभागावरच गिलावा थापला होता, इतकंच. खर्च कमी, घाबरायचं कारण नाही.

तडा सळईच्या रेषेत सरळ धावत असेल, कडेला तपकिरी ओघळ असतील, तर सळई गंजते आहे. छज्ज्याच्या खालच्या अंगाला बहुतेक वेळा हेच असतं. एकेकटे तपकिरी ठिपके दिसले तर मात्र लगेच हातोडा उचलू नका. सळया बांधायच्या बायंडिंग वायरची टोकं शटरिंगला (काँक्रीट ओतायच्या साच्याला) टेकलेली राहिली की तीही गंजून असे ठिपके देतात.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, आणि तो खालून दिसतच नाही. छज्जा भिंतीतून जिथे बाहेर निघतो तिथे वरच्या बाजूला, भिंतीला समांतर तडा. छज्जा एका टोकाला धरलेला असतो, त्यामुळे त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. काँक्रीट ओतताना बिगारी त्या जाळीवरून घमेली घेऊन चालतात आणि सळई खाली दबते. हिशोब करून पाहा. १०० मिलिमीटर जाडीचा छज्जा, वरचं कव्हर (सळईवरचं काँक्रीटचं आवरण) २०, सळई ८ ची. म्हणजे खालच्या पृष्ठभागापासून सळईच्या मध्यापर्यंत ७६ मिलिमीटर. ती २५ ने दबली की उरले ५१. छज्ज्याची ताकद साधारण एक तृतीयांशाने गेली, आणि तीही इमारत उभी राहायच्या आधीच. असा तडा दिसला तर पुढचं वाचणं बाजूला ठेवा. खालची ये-जा बंद करा, छज्ज्यावरच्या कुंड्या आणि एसीचं युनिट उतरवा आणि त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

हातोडी, गुलाबी रंग आणि पावडर

तपासणीचं पहिलं हत्यार म्हणजे अर्धा किलोची हातोडी. सगळा छज्जा हलक्या हाताने वाजवत जायचं. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द. बद्द वाजलेल्या जागेभोवती खडूने रेघ मारायची. फुटलेलं वीतभर दिसत असेल आणि खडूची रेघ हातभर जात असेल, तर रोग दिसतो त्याहून मोठा आहे. ठेकेदाराने "आतून सगळं ठणठणीत आहे साहेब" म्हटलं की माझा हात आपोआप हातोडीकडे जातो.

दुसरी चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेतली, फेनॉल्फ्थॅलीनची. काँक्रीटचा छोटा तुकडा ताजा फोडायचा, धूळ फुंकून टाकायची आणि द्रावण फवारायचं. चांगलं काँक्रीट गडद गुलाबी होतं. जिथे रंगच येत नाही, तिथे काँक्रीटचा अल्कधर्म संपला आहे.

हा अल्कधर्म इतका महत्त्वाचा का? ताज्या काँक्रीटचा पीएच (अल्कधर्म मोजायचा आकडा) १२.५ ते १३ च्या घरात असतो. एवढ्या अल्कलीत सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच तिला गंजण्यापासून राखतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, काँक्रीटमधल्या चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट करतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. थर गेला, सळई उघडी पडली. पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज सुरू. हा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा मिळत नाही म्हणून तो कव्हरच ढकलून पाडतो.

याला कार्बोनेशन म्हणतात, आणि ते आत सरकतं काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. पंधरा मिलिमीटर आत जायला १६ वर्षं लागली असतील, तर त्याच काँक्रीटमध्ये तीस मिलिमीटर जायला ६४ लागतील. कव्हर दुप्पट म्हणजे आयुष्य चौपट. आता १९७८ च्या आयएस ४५६ मध्ये (काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात) स्लॅबच्या सळईला किमान कव्हर १५ मिलिमीटरच मागितलं होतं. ते तरी मिळालं असतं! कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली खडीचा तुकडा सरकवायची पद्धत होती. काँक्रीट ओतताना तो निसटला की सळई शटरिंगवर झोपली. आज आपण चिप करून पाहतो तेव्हा ६-७ मिलिमीटर कव्हर सापडतं, ते यामुळे.

तिसरी चाचणी क्लोराइडची, म्हणजे काँक्रीटमध्ये शिरून सळई गंजवणाऱ्या मिठाची, आणि किनाऱ्यावर हीच टाळली जाते, कारण प्रयोगशाळेचे पैसे पडतात. ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची पावडर काढायची: पहिले १० मिलिमीटर, मग १० ते २०, मग सळईच्या पातळीवरची, मग तिच्याही मागची. पिशव्या वेगळ्या, प्रत्येकीवर नाव. आयएस ४५६ नुसार आरसीसी ओतताना त्यातलं आम्लात विरघळणारं क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त नसावं. तोच आकडा मोजपट्टी म्हणून डोळ्यांसमोर ठेवा.

पण नुसत्या आकड्यापेक्षा त्याचा चढउतार जास्त बोलतो. बाहेर जास्त आणि आत कमी होत गेलं, तर मीठ समुद्राच्या हवेतून आलं. बाहेर-आत सगळीकडे सारखंच असेल, तर ते काँक्रीट कालवतानाच आत गेलं: खाडीची न धुतलेली रेती, खारट बोअरचं पाणी. एकेकाळी मुंबई-ठाण्याची बांधकामं खाडीच्याच रेतीवर चालत. ती धुतली की नाही, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर.

छज्ज्याच्या खालच्या अंगाबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही. वरचं अंग पावसात भिजतं, मग खालीच जास्त का फुटतं? वरचं अंग पाऊस धुऊन काढतो. खालचं धुतलं जात नाही. खारा वारा तिथे मीठ ठेवून जातो, दमट हवा ते ओलं ठेवते, आणि वर्षानुवर्षं ते साठत राहतं.

ठिगळाच्या शेजारीच का?

गंज ही विजेची क्रिया आहे. एकाच सळईवर एक जागा झिजते, तिला ॲनोड म्हणायचं. शेजारची जागा तिच्या जिवावर वाचते, ती कॅथोड. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यात जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं, तसंच हे. फरक इतकाच की इथे झिजणारी आणि वाचणारी दोन्ही एकाच सळईची अंगं.

आता आपण येतो आणि झिजणारी जागा शोधून तोडतो, घासतो, ताज्या अल्कधर्मी मसाल्याने भरून टाकतो. ती जागा सुरक्षित झाली, कॅथोड बनली. पण शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ तेवढंच आहे. इतके दिवस पहिली जागा तिच्या वाटचं झिजत होती. आता संरक्षण गेलं, ॲनोड व्हायची पाळी तिची. दोन-तीन वर्षांत ठिगळाच्या कडेने नवा पोपडा. सभेत आरडाओरडा, ठेकेदाराला शिव्या. अनेकदा त्या बिचाऱ्याचा त्यात दोष नसतो. दोष "दिसतंय तेवढंच करा" म्हणणाऱ्याचा. सुरुवातीच्या काळात मीही दोन इमारतींवर असंच लिहून दिलं होतं. पावडर काढली नव्हती, पैसे वाचवले होते. तिसऱ्या वर्षी त्याच जिन्याने पुन्हा चढलो.

म्हणून उपाय चाचणीवरून ठरवायचा. फेनॉल्फ्थॅलीनने कार्बोनेशन दाखवलं आणि क्लोराइड कमी आहे? मग ठिगळाचं काम नीट करा, सगळ्या पृष्ठभागाला अँटी-कार्बोनेशन कोटिंग द्या, पाणी बंद करा. हे टिकतं. क्लोराइड बाहेरून आलं आणि सळईपर्यंत पोचलं आहे? तोडायची हद्द फुटलेल्या जागेवर नाही, खारटलेल्या काँक्रीटवर ठरवा. ते सगळं काढणं शक्य नसेल तर ठिगळाच्या कडेने, सळईला बांधून, जस्ताचे बळी ॲनोड बसवा. छोट्या वडीसारखे असतात, मसाल्यात गाडले जातात, आणि सळईऐवजी स्वतः झिजतात. सळईशी त्यांचा धातूचा संपर्क घट्ट हवा. गंजक्या सळईवर नुसती तार गुंडाळली तर पैसे पाण्यात.

क्लोराइड सगळीकडे सारखं भरलेलं असेल तर खिडकीच्या छज्ज्यावर दुरुस्तीचा पैसा घालायला मी तयार होत नाही. नुसता ऊन-पावसाचा छज्जा असेल तर इंजिनिअरच्या देखरेखीखाली, लागेल ती परवानगी घेऊन तो कापून काढावा, सळयांची टोकं नीट बंद करावीत आणि हलका पत्र्याचा छज्जा लावावा. लिंटेलवरचा (खिडकीवरच्या आडव्या तुळईवरचा) पिळाचा भार उलट कमीच होतो. बाल्कनीला हा न्याय लागू नाही. तिच्यावर माणसं उभी राहतात आणि तिची सळई आतल्या स्लॅबमध्ये गेलेली असते.

तोडताना

टेकू आधी, ब्रेकर नंतर. साध्या स्लॅबमध्ये खालचं कव्हर तोडलं तर दाब घेणारं काँक्रीट वर सुरक्षित असतं. छज्ज्यात उलटं: ताण वर, दाब खाली. भिंतीजवळ खालून तोडलं की दाब घेणारा भागच आपण काढून घेतो. वरची सळई चांगली असली तरी छज्जा बसू शकतो. आणि टेकू खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर उभा करू नका. तोही त्याच वयाचा, त्याच रेतीचा आहे. आधार जमिनीपर्यंत गेला पाहिजे, किंवा त्यासाठीच हिशोब करून बांधलेल्या पोलादी परांचीवर.

किती तोडायचं? गंजलेल्या सळईच्या टोकाकडे जात राहायचं. चकचकीत लोखंड दिसलं की आणखी ५० मिलिमीटर पुढे जाऊन थांबायचं. खोली सळईच्या मागे निदान २० मिलिमीटर, म्हणजे बोटं आत फिरली पाहिजेत. बहुतेक ठिकाणी सळईचा दर्शनी अर्धा भाग घासून रंगवतात. मागचा अर्धा जुन्या काँक्रीटमध्ये गंजत राहतो, आणि हे ठिगळ मात्र खरोखर "तिथेच" सुटतं. कडा कटरने काटकोनात कापायच्या. निमुळत्या होत गेलेल्या कडेचा मसाला पापुद्र्यासारखा उडतो.

सळई घासल्यावर व्हर्नियरने मोजा. ८ ची सळई ६ ची झाली असेल तर डोळ्यांना फारसं वाटत नाही, पण क्षेत्रफळ ५०.३ वरून २८.३ चौरस मिलिमीटरवर आलं, म्हणजे ४४ टक्के लोखंड गेलं. एवढी झीज दिसली की जोडसळई लागतेच. ती गंजक्या तुकड्याच्या बाजूला नुसती बांधून उपयोग नाही. चांगल्या सळईवर दोन्हीकडे पुरेसा लॅप (एकमेकींशेजारून जाणारी लांबी) हवा. एम २० काँक्रीट आणि एफई ४१५ सळईला (एम आणि एफई हे ताकदीचे दर्जे) पकड लांबी व्यासाच्या ४७ पट येते, म्हणजे ८ च्या सळईला सुमारे ३७५ मिलिमीटर. ताणातल्या लॅपला त्याहून कमी चालत नाही. एवढी जागा मिळत नसेल तर ड्रिल करून केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेली सळई, पण तो हिशोब इंजिनिअरने करायचा, मिस्त्रीने नाही.

मग जस्तयुक्त प्रायमर. रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) वापरला असेल तर आधी तो सांगितल्याप्रमाणे धुऊन काढा. तो आम्लधर्मी असतो आणि आपल्याला हवा आहे अल्कधर्म. त्यानंतर बाँडिंग कोट, जुन्या काँक्रीटला नवा मसाला चिकटवणारा. इथे एक सापळा आहे. मसाला बाँडिंग कोट ओलसर-चिकट असतानाच भरायचा असतो. सकाळी कोट मारून जेवायला गेले, परत येईपर्यंत तो वाळला, तर त्याची चिकटवणारी फिल्म सुटवणारी बनते. ठिगळ एकसंध, ताटलीसारखं निघून येतं. सुटलेल्या ठिगळाची पाठ गुळगुळीत, चकाकती दिसली तर हेच झालं असं समजा.

पॉलिमर मसाला १०-१५ मिलिमीटरच्या थरांनी भरायचा, पहिला थर खरबरीत ठेवून. खड्डा ५० मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर शटरिंग लावून मायक्रो काँक्रीट ओतणं बरं. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच. "जरा सैल करतो, लावायला बरं पडतं" हे वाक्य ऐकलं की काम थांबवा. आणि आतून कधीही पीओपीने लेवल करू नका. ओल धरतं, आणि पुढच्या वेळी वाजवून पाहायची सोयही घालवतं.

पाणी कुठून येतं

इतकं सगळं करून छज्ज्याच्या टोकाला पागोळीची खाच ठेवली नाही, तर पाणी टोकावरून वळून खालच्या अंगाने भिंतीपर्यंत धावतं. गिलावा करताना पट्टी ठेवून काढलेली बोटभर रुंदीची खाच, खर्च जवळपास शून्य. छज्ज्याच्या वर भिंतीच्या कोपऱ्यात वाटा (मसाल्याची गोलाई) भरलेला हवा आणि उतार बाहेर. वर जाड विटांचा कोबा घालून वॉटरप्रूफिंग करायचा मोह आवरा, कारण ते वजन त्याच एका टोकाला धरलेल्या सळईवर जातं. एसीच्या निचऱ्याची नळी छज्ज्यावर सोडलेली असेल तर ती खाली पाइपात घ्या. न्हाणीघराखालचा स्लॅब फुटत असेल तर वरच्या घरात गेल्याशिवाय इलाज नाही. तिथे इंजिनिअरिंगपेक्षा शेजारधर्म जास्त लागतो.

नवा छज्जा किंवा बाल्कनी ओतत असाल तर २००० सालची आयएस ४५६ किनारपट्टीच्या हवेला तीव्र वर्गात धरते: किमान एम ३०, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, कव्हर ४५ मिलिमीटर. एम ३५ किंवा वरचं काँक्रीट असेल तर कव्हरमध्ये ५ ची सूट. लाटांचे तुषार थेट येत असतील तर अतितीव्र वर्ग: एम ३५ आणि ५०. हे आकडे ऐकून मिस्त्री हसतो, कारण त्याच्या ७५ मिलिमीटरच्या छज्ज्यात ते मावत नाहीत. बरोबर आहे. छज्जाच जाड करायचा, कव्हर बारीक नाही.

सोसायटीच्या कागदावर

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधी ७७ प्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, आणि ३० च्या पुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. अहवाल आला की शेवटच्या पानावरचा सी-२बी किंवा सी-३ (इमारत दुरुस्तीने टिकेल असे वर्ग) एवढाच शेरा वाचून फाइल मिटवू नका. आत क्लोराइडचा तक्ता आहे का ते बघा. नसेल तर ऑडिटरला विचारा. किनाऱ्यावरच्या इमारतीच्या अहवालात नुसत्या रिबाउंड हॅमरचे आकडे असतील, तर गंजाबद्दल त्यातून काही कळत नाही. तो हातोडा पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, आणि कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग उलट जास्तच कडक लागतो.

टेंडरमध्ये दर नुसत्या चौरस फुटाने मागू नका. चौरस फुटाचा दर दिला की ठेकेदार उथळ तोडतो आणि ते त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच असतं. खोलीचे टप्पे करा: २५ पर्यंत, २५ ते ५०, त्यापुढे. जोडसळई किलोवर, ॲनोड नगावर. प्रत्येक छज्ज्याचे तीन फोटो, छज्ज्याचा नंबर फोटोत दिसेल असे: तोडल्यावर उघडी सळई, प्रायमर मारलेली सळई, मसाल्याने भरलेली जागा. पहिले दोन पाहिल्याशिवाय तिसऱ्याला परवानगी नाही आणि तिन्ही नसतील तर त्या छज्ज्याचं बिल नाही. क्युरिंगचं (मसाला ओला ठेवायचं) काम वॉचमनवर टाकणार असाल तर त्याचे पैसे त्याला वेगळे द्या.